आठवड्याचा अभ्यास आई-वडिलांना कसा समजावून सांगावा

"आज दोनच तासिका होत्या ना, मग दिवसभर कसला अभ्यास?" कॉलेजात न गेलेल्या आई-वडिलांनी असे विचारले, तर त्यात अविश्वास शोधू नये. अभ्यासाचा मोठा भाग वर्गाबाहेर होतो, हे त्यांना बहुधा कुणी सांगितलेलेच नसते.

त्यांना नुसते वेळापत्रक दाखवून उपयोग नाही, कारण त्यात फक्त तासिका दिसतात. त्याऐवजी एक पूर्ण आठवडा प्रत्येक कामाला लागलेला वेळ त्याच दिवशी वहीत लिहावा. वाचन, टिपणे, प्रात्यक्षिकाची जर्नल, गटातील काम आणि प्रवास यांच्याबरोबर फोनवर गेलेला वेळही प्रामाणिकपणे नोंदवावा. फुगवलेला हिशेब घरच्यांच्या लगेच लक्षात येतो आणि मग खऱ्या आकड्यांवरही विश्वास बसत नाही.

आठवड्याच्या शेवटी ही वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. वर्गातील एका तासामागे बाहेर दोन तास अभ्यास करावा, असा एक प्रचलित ठोकताळा आहे. त्यानुसार १५ तासांच्या तासिकांमागे ३० तासांचा अभ्यास येतो, म्हणजे आठवड्याला एकूण ४५ तास होतात. ज्यांनी आयुष्यभर कामाचे तास मोजले आहेत, त्यांना हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तरीही हे तास नेमके कशात जातात, हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ त्याच्या उत्तराला द्यावा. एखादा पूर्ण झालेला निबंध घ्यावा आणि त्यासाठी वाचलेली प्रकरणे, काढलेली टिपणे, खोडाखोड केलेला कच्चा मसुदा आणि शेवटची प्रत हे सारे त्यांच्यासमोर ओळीने मांडावे. आई शिवणकाम करत असेल, तर मापे घेण्यात आणि कापड बेतण्यात किती वेळ जातो, हे आधी तिलाच विचारावे. चार पानांमागची तयारी तिला लगेच उमगेल. 'असाइनमेंट', 'सेमिस्टर', 'क्रेडिट' हे शब्द मात्र अर्थ सांगितल्याशिवाय वापरू नयेत.

कामाचा भार दर आठवड्याला सारखा नसतो, म्हणून परीक्षांच्या आणि सबमिशनच्या तारखा घरातील दिनदर्शिकेवर आधीच लिहाव्यात. त्या दिवसांत घरातील कोणती कामे जमतील, कोणती जमणार नाहीत आणि कोणत्या वेळी शांतता हवी, हे निदान दोन आठवडे आधी सांगावे, म्हणजे त्यांनाही घरची कामे त्याप्रमाणे मागेपुढे करता येतील.