रोम शिकवताना या चुका टाळा: चादरीचे टोगे, डिंकाच्या कमानी आणि गुलामाची चिठ्ठी

सोळा वर्षं मी सातवी ते नववीला इतिहास शिकवते आहे. प्राचीन रोम आलं की गटकार्य ठरलेलं, आणि त्यातल्या चुकाही ठरलेल्या. इतर शाळांची प्रदर्शनं पाहते, नवे शिक्षक काही विचारायला येतात, तेव्हा त्याच त्या चुका समोर येतात. म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे. गटाच्या हातात रोमन माणसापुढची एखादी खरी अडचण दिली तरच त्या तासाला अर्थ आहे असं माझं मत आहे. नुसता वेश चढवायचा असेल तर स्नेहसंमेलन आहेच.

चिठ्ठ्या टाकून समाज वाटणं

हे सगळ्यांना सुचतं. डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या. कुणाला पॅट्रिशियन (उमराव) येईल, कुणाला प्लेबियन (सामान्य नागरिक), कुणाला सैनिक, कुणाला गुलाम. मग तासभर ज्याने त्याने आपली भूमिका करायची. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मलाही हेच सुचलं. आठवीचा वर्ग होता, बेचाळीस मुलं, त्यात सहा चिठ्ठ्या गुलामांच्या. मालक बाकावर, गुलाम खाली जमिनीवर. मालकाने सांगायचं, गुलामाने करायचं: वही आण, फळा पूस. वर्गात नुसता जल्लोष. एरवी पेंगणारी मुलंही पुढे पुढे करत होती, त्यामुळे तास उत्तम झाला असं समजून मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पाहिलं तर आदल्या दिवशी गुलाम झालेली एक मुलगी तिघींच्या पाण्याच्या बाटल्या भरून आणत होती. विचारलं, तर म्हणाली, "बाई, त्या म्हणतात तुझी चिठ्ठी अजून संपली नाही." दोन दिवसांनी तिची आई शाळेत आली. आवाज न चढवता तिने मला सांगितलं, की "खाली बस" हे आमच्या घरात आजेसासूपासून सगळ्यांनी ऐकलंय, पोरीने ते शाळेत ऐकू नये म्हणून तिला इथे घातलं. आपल्याकडे वर्गातल्या प्रत्येक मुलाला दुसऱ्याचं आडनाव माहीत असतं आणि त्या आडनावावरून काय समजायचं तेही. चिठ्ठी माझ्या लेखी योगायोग होती, त्या मुलीच्या लेखी नव्हती. त्यानंतर माझ्या वर्गात कुणी गुलाम झालेलं नाही आणि कुणी मालकही झालेलं नाही.

मग गुलामगिरी शिकवायचीच नाही का? शिकवायचीच. रोमची शेतं, खाणी आणि श्रीमंतांची घरं गुलामांच्या कष्टावर चालत होती, ते वगळून रोम शिकवणं खोटं ठरेल. पण ती पुराव्यातून शिकवावी. रोममध्ये गळ्यात घालायची एक लोखंडी पट्टी मिळाली आहे, इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकातली. तिला लटकवलेल्या बिल्ल्यावरच्या लॅटिन मजकुराचा अर्थ असा: मी पळून आलो आहे, मला धरा, माझे मालक झोनिनस यांच्याकडे मला परत नेलंत तर एक सोन्याचं नाणं मिळेल. प्रत्येक गटाला या पट्टीचं चित्र, मजकूर आणि तीन प्रश्न द्यायचे. हे शब्द कुणी लिहवले? कुणाच्या तोंडी घातले? ते वाचणाऱ्याला काय मिळणार? वर्ग आपोआप शांत होतो. त्यानंतर स्पार्टाकस या गुलामाने केलेलं बंड सांगायचं, इसवी सनापूर्वी ७३ ते ७१. ते मोडल्यावर कापुआ ते रोम या रस्त्यावर सहा हजार बंडखोरांना क्रुसावर चढवलं गेलं, हेही आठवीच्या मुलांना सांगावं. ती ऐकू शकतात.

विषमता मुलांना स्वतः जाणवावी असं वाटत असेल, तर मतदान घ्या. रोमन प्रजासत्ताकात कॉन्सल, म्हणजे राज्याचे सर्वोच्च अधिकारी, निवडणाऱ्या सभेत माणसं मोजत नसत, गट मोजत. एकूण गट १९३. जुन्या रचनेत त्यांपैकी १८ घोडेस्वारांचे आणि ८० सगळ्यात श्रीमंत वर्गाचे, म्हणजे ९८. बहुमताला ९७ पुरेत. श्रीमंत गट आधी मत देत आणि बहुमत झालं की मोजणी तिथेच थांबे. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं अशा सगळ्या लोकांचा मिळून गट एक.

मी चाळीस मुलांचे नऊ गट करते. पाच गट दोन-दोन जणांचे, उरलेली तीस मुलं चार गटांत. गट हजेरी क्रमांकाने ठरतात आणि पुढच्या फेरीत उलटे होतात. प्रश्न मात्र मुलांच्या जिव्हाळ्याचा हवा, उदाहरणार्थ खेळाच्या तासाला काय खेळायचं. पाच छोटे गट मत देतात, पाचही एका बाजूला पडले की मी निकाल जाहीर करते. तीस मुलं हातात चिठ्ठी घेऊन तशीच बसलेली असतात. "बाई, आमचं मत?" हा प्रश्न यायला दहा सेकंदही लागत नाहीत. मग उरलेला तास त्याच प्रश्नावर जातो. शेवटी खरं मतदान घ्यायला विसरू नका, नाहीतर मुलं रास्तच रागावतात.

डिंकाने उभी राहिलेली कमान

एका प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेले होते. सातवीच्या गटाने रोमन जलसेतू, म्हणजे कमानींवरून पाणी नेणारा पूल, केला होता, थर्माकोलचा, तीन मजली, दिसायला फार देखणा. गटातल्या मुलाला मी म्हटलं, मधला दगड काढून दाखव. त्याने सुरीच्या टोकाने तो काढला. कमान जागची हलली नाही. मुलगा अभिमानाने म्हणाला, "पडणार नाही बाई, भक्कम डिंक लावलाय. पप्पा रात्री अकरापर्यंत लावत होते." रोमन लोकांकडे चांगला डिंक होता, एवढंच तो गट शिकला होता. मुलाचा यात काहीच दोष नव्हता. ज्यांनी त्याला 'प्रोजेक्ट उद्या आण' म्हणून घरी पाठवलं, त्यांचा होता. घरी करायला दिलेलं गटकार्य आईवडिलांचं होतं, हे किती वर्षं पाहायचं?

फ्रान्समधल्या पाँ द्यु गार या जलसेतूची उंची सुमारे ४९ मीटर आहे. त्याचे काही दगड सहा टनांपर्यंत भरतात आणि खालच्या कमानींत चुना नाही. दगड दगडाला रेटतो, म्हणून कमान उभी राहते. मुलांच्या हातांना तो रेटा कळला नाही तर बाकी सगळं फुकट आहे.

माझी पद्धत सांगते. पुठ्ठ्यावर दोन अर्धवर्तुळं काढायची, आतलं दहा सेंटिमीटर त्रिज्येचं, बाहेरचं पंधराचं. त्याचे वीस-वीस अंशांचे नऊ भाग करायचे. त्या मापाने शाडूच्या नऊ पाचरी कापायच्या आणि दोन दिवस सावलीत वाळवायच्या. उन्हात ठेवल्या तर तडकतात. घाई असलेले शिक्षक इथेच थर्माकोलकडे वळतात. थर्माकोलला वजनच नाही, मग रेटा कुठून येणार?

नऊ मुद्दाम, कारण विषम संख्येत मधोमध एक दगड येतो. खाली आधाराला पुठ्ठ्याचं सेंटरिंग करायचं आणि सेंटरिंगखाली कागदाच्या जाड घड्या ठेवायच्या. घरचा स्लॅब पडताना खालच्या बल्ल्या बहुतेक मुलांनी पाहिलेल्या असतात, त्यामुळे हा भाग समजवावा लागत नाही. दोन्ही बाजूंनी पाचरी लावत यायचं, मधली सर्वांत शेवटी. मग खालच्या घड्या हळूच ओढून घ्यायच्या, सेंटरिंग खाली बसतं आणि बाजूला सरकवता येतं.

पहिल्यांदा कमान पडते. पडू द्या. तुमचा हात पुढे जाईल, तो मागे घ्या. पाय बाहेर पसरतात हे एखादं मूल पाहतं आणि दोन्ही बाजूंना काहीतरी टेकवायला धावतं. वर्गात चार विटा आधीच आणून ठेवायच्या, पण त्या कशासाठी हे सांगायचं नाही. विटा लावल्यावर कमान उभी राहते. मग मुलं तिच्यावर एकेक वही ठेवत जातात, आणि किती वह्या पेलतील यावर पैजा लागतात.

याला दोन तास लागतात. नसतील तर रोमच्या बाकीच्या चार गोष्टी गाळा, ही नको. तिसरा तास मिळाला तर उताराचा खेळ घ्या. हा जलसेतू ज्या जलमार्गाचा भाग आहे तो सुमारे पन्नास किलोमीटर लांब आहे आणि एवढ्या अंतरात पाणी जेमतेम साडेबारा मीटर खाली उतरतं. म्हणजे किलोमीटरमागे वीतभर! गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाणी भरून गटाला द्या आणि व्हरांड्याच्या दोन टोकांतला फरक मोजायला लावा.

ज्या चुकांना एक-दोन ओळी पुरेत

कोलोसियममध्ये बसलेला ज्युलियस सीझर. त्याचा खून इसवी सनापूर्वी ४४ मध्ये झाला, कोलोसियमचं उद्घाटन इसवी सन ८० मधलं. शिवाय तो सम्राट नव्हता. उपाय म्हणजे सव्वाबारा मीटरहून थोडी जास्त दोरी, एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष, इसवी सनापूर्वी ७५३ या पारंपरिक स्थापनेपासून इसवी सन ४७६ पर्यंत. नाटुकलं लिहिण्याआधी प्रत्येक गटाने आपलं पात्र त्या दोरीला चिमट्याने लावायचं.

सगळ्यांना चादरीचा टोगा. टोगा हा नागरिक पुरुषाचा समारंभाचा पोशाख होता. कामकरी माणूस, सैनिक, गुलाम साध्या अंगरख्यात असत.

मेजवानीत पिझ्झा आणि टोमॅटो. टोमॅटो, बटाटा, मका, मिरची हे सगळं अमेरिकेतून आलेलं, रोमनांनी पाहिलेलंही नाही. भाकरीसारखा पाव, चणे, मसूर, अंजीर, चीज ठेवा. वर काळी मिरी, जी केरळातून जायची.

ढालींचं कासव करून धावणं. ढाली डोक्यावर आणि बाजूंना जोडून धरायच्या, ही कासवाची रचना भिंतीजवळ सावकाश सरकण्यासाठी होती. हुकमावर वीस पावलं चाला, तेवढं पुरे. पुठ्ठ्याच्या कडेने डोळ्याला लागतं.

बारा-बारा मुलांचे गट. दोघं काम करतात, दहा जण बघतात. रोमन सैन्यात आठ जणांची एक तुकडी असे. त्यांचा तंबू एक, खेचर एक, धान्य दळायचं जातं एक. माझ्या वर्गातही आठाच्या वर गट होत नाही, आणि प्रत्येकाकडे नाव लिहून दिलेलं काम असतं.

रोम लांबचं आहे असं समजणं

ही चूक कुणी चूक मानतच नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे. तिच्यात कल्याण आहे, सोपारा आहे, पैठण आहे आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आपलं तेर, तेही आहे. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती कोल्हापूरलाच आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पाँपेई शहरात एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली आणि त्याच धाटणीची मूर्ती तेरच्या संग्रहालयात आहे. जवळपासच्या शाळांनी सहल तिथेच न्यावी, मुलांना दोन्ही मूर्तींची चित्रं शेजारी ठेवून पाहू द्यावीत.

या माहितीवर मी एक गटकार्य घेते. तो व्यापारी सांगतो की पैठण भडोच या गुजरातेतल्या बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि तेर त्याच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर. पैठणहून अकीक, म्हणजे दागिन्यांचा रंगीत दगड, यायचा, तेरहून कापड, आणि माल गाड्यांतून न धड रस्ता अशा मुलखातून जायचा. जहाजं जुलैच्या सुमारास इजिप्तहून निघत, पावसाळी वाऱ्यावर इकडे येत आणि वारा फिरला की परतत. गटाला नकाशा, हे अंतर आणि एक प्रश्न: तेरहून गाडी कधी हाकायची?

मागच्या वर्षी एक गट म्हणाला, दसऱ्याला. पाऊस ओसरलेला असतो, महिनाभरात भडोच. दुसरा गट ऐकेना. वाटेत चाक मोडलं, बैल आजारी पडला, तर जहाज निघून जाईल. त्यापेक्षा चिखलात निघू, भाद्रपदातच. घंटा झाली तरी दोन्ही गट नकाशावरून उठले नव्हते.