क्लबची वीकली मीटिंग कशी घ्यायची म्हणजे लोक परत येतील: सोलापूरच्या एका सेक्रेटरीचा अनुभव

१ जुलै झाला, म्हणजे क्लबचं नवं वर्ष सुरू झालं, पदग्रहण झालं, हार-तुरे फोटो सगळं झालं, कॉलर गळ्यात पडली आणि आता तुम्ही नवीन सेक्रेटरी किंवा प्रेसिडेंट आहात. पदग्रहणाला दीडशे माणूस होतं ना? दुसऱ्या आठवड्याच्या मीटिंगला सोळा येतील, गणपतीनंतर अकरा आणि दिवाळीच्या सुमारास तुम्ही, तुमचा ट्रेझरर आणि हॉटेलचा वेटर. घाबरवत नाहीये, मी दोनदा सेक्रेटरी होते आणि एक वर्ष सार्जंट-ॲट-आर्म्स (मीटिंगची व्यवस्था आणि शिस्त बघणारा पदाधिकारी), त्यामुळे रिकाम्या खुर्च्या मोजायचा अनुभव दांडगा आहे. आमचा क्लब रोटरीचा, म्हणजे समाजसेवेसाठी जमणाऱ्या मंडळींचा आहे म्हणून शब्द रोटरीचे येतील, पण लायन्स असो, जायंट्स असो, जेसीज असो, दुखणं सगळीकडे सेमच आहे.

पहिलं काम म्हणजे वार ठरवणं, आणि सोलापुरात वार ठरवायचा म्हणजे पाण्याचा दिवस बघावा लागतो. हसू नका. ज्या घरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं त्या घरातला माणूस पाणी यायच्या वेळी रोटरीचा संस्थापक पॉल हॅरिस स्वतः स्पीकर म्हणून आला तरी घर सोडणार नाही. माझ्या पहिल्या टर्मला एका मीटिंगला अचानक सातच लोक, मी फोन लावला तर जुळे सोलापूरचे चौघं एका सुरात "मॅडम, पाणी आलंय की वो". प्रत्येक भागाचा दिवस वेगळा आणि तो सरकत राहतो, त्यामुळे सगळ्यांना सोयीचा वार मिळणारच नाही, पण निदान त्या आठवड्यात कुठल्या भागाला पाणी आहे हे मीटिंगच्या आदल्या दिवशी ग्रुपवर विचारून घ्या, मग कोण न आल्याचा राग तरी येत नाही. बाकी हिशोब असा की डॉक्टरांची ओपीडी साडेआठशिवाय संपत नाही, नवी पेठेतले दुकानदार शटर ओढल्याशिवाय हलत नाहीत, आणि सीए मंडळी महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटी रिटर्नमुळे जिवंत आहेत की नाहीत तेच कळत नाही. म्हणून आमची वेळ रात्री साडेआठ ते साडेनऊ. जानेवारीत गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत मीटिंग ठेवूच नका, अर्धा क्लब नंदीध्वजाच्या मिरवणुकीत आणि उरलेला घरी आलेल्या पाहुण्यांत असतो. त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून यात्रेला जायचं आणि तीच मीटिंग धरायची.

दर आठवड्याला घ्यायचीच का, हा प्रश्न येतो. रोटरीने २०१६ पासून मोकळीक दिलीय, महिन्यात किमान दोन झाल्या तरी चालतं. आम्ही दोनवर येऊन बघितलं आणि परत चारवर गेलो, कारण पंधरा दिवसांनी भेटणारा माणूस एक मीटिंग चुकला की महिनाभर दिसत नाही आणि महिनाभर न दिसलेला माणूस हळूच सुटतो. पण चारही आठवडे स्पीकर आणि पनीर असं करायचं नाही. आमचं असं चालतं, एक आठवडा स्पीकर, एक आठवडा फक्त क्लबचं कामकाज आणि हिशोब, एक आठवडा प्रोजेक्टच्या जागेवर म्हणजे शाळेत नाहीतर रक्तदान कॅम्पला, आणि एक आठवडा कोणाच्या तरी कामाच्या ठिकाणी.

हा शेवटचा प्रकार नक्की करून बघा. मुळात रोटरी हे नावच त्यातून आलंय, १९०५ साली फेब्रुवारीत शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील आणि त्याचे तीन मित्र एकाच्या ऑफिसात जमले आणि मग आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात मीटिंग फिरायला लागली, फिरती म्हणून रोटरी. आपण मात्र एकाच हॉटेलच्या त्याच बँक्वेट हॉलला वर्षानुवर्षं चिकटलेलो असतो. आमच्यात एक मेंबर आहेत, टॉवेल-चादरीचा कारखाना, दोन वर्षं मीटिंगला यायचे, शेवटच्या रांगेत बसायचे, जेवायचे, जायचे, तोंडातून शब्द नाही. एकदा त्यांच्याच कारखान्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीला मीटिंग ठेवली. लूम चालू होते, एकमेकांचं काही ऐकू येत नव्हतं, तर त्यांनी माझा हात धरून मला मशीनजवळ नेलं आणि वर लावलेली जॅकार्डची कार्डं दाखवली, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याची माळ, कुठलं भोक आलं की कुठला धागा उचलतो आणि चादरीवर मोराची मान कशी उमटते ते बोट लावून लावून सांगत होते. चाळीस मिनिटं माणूस बोलत होता! आधी तेलुगूत कारागिरांशी, मग मराठीत आमच्याशी, मधेच हिंदीत. त्या दिवसापासून क्लबमध्ये ते "अण्णा" झाले, आधी नुसते रोटेरियन अमुक अमुक होते. नंतर एका डेंटिस्टच्या क्लिनिकला झाली, एका बेकरीत झाली (तिथून कोणी उठायलाच तयार नव्हतं).

आता मीटिंगच्या तासाभराबद्दल. माझं स्पष्ट मत आहे की गाँग, म्हणजे मीटिंग सुरू करायची घंटा, वाजायच्या आधीची वीस मिनिटं हीच खरी मीटिंग, बाकी सगळं तिला धरून ठेवायला आहे. आठ दहाला चहा टेबलावर पाहिजे म्हणजे पाहिजे, आठ वीसला नाही. सार्जंट दारात उभा पाहिजे, बॅज देताना नावाने हाक मारायची, "या मालक" एवढं म्हटलं तरी सोलापूरचा माणूस खूश होतो. नवीन मेंबर किंवा पाहुणा आला की त्याला दारातून एकटं आत सोडायचं नाही, कोणातरी एकाच्या हातात सोपवायचं आणि त्या एकाला सांगायचं की आज ह्यांची तीन जणांशी ओळख तुझ्याकडे. नाहीतर काय होतं, तो बिचारा कप घेऊन भिंतीवरचं बॅनर वाचत उभा राहतो, चार वेळा वाचतो आणि पुढच्या आठवड्यात येत नाही.

खुर्च्या रांगेत लावू नका, सभेसारखं होतं. गोल टेबलं घ्या. आणि बिल्डर बिल्डरांजवळ, डॉक्टर डॉक्टरांजवळ बसतात त्यावर आमच्या सार्जंटने काढलेला उपाय म्हणजे पत्त्यांचा कॅट. बॅजबरोबर एक पत्ता हातात द्यायचा, इस्पिकवाले एका टेबलावर, बदामवाले दुसऱ्या, किलवर, चौकट असंच. पहिल्या दिवशी दोन सीनियर मंडळी रुसली, तिसऱ्या आठवड्यात तेच आल्या आल्या "दे, पत्ता दे" म्हणायला लागले.

साडेआठला गाँग. आठ जण असले तरी साडेआठलाच. उशिरा येणाऱ्यासाठी थांबलात की वेळेवर आलेला पुढच्या वेळी उशिरा येतो, हे गणित मी पहिल्या टर्मला शिकले आणि दुसऱ्या टर्मला पाळलं. राष्ट्रगीत, मग चार प्रश्नांची कसोटी (हे खरं आहे का, सगळ्यांसाठी न्याय्य आहे का, ही ती, १९३२ सालची, हर्बर्ट टेलर नावाच्या माणसाने बुडत्या कंपनीसाठी लिहिलेली), वाढदिवस, ॲनिव्हर्सरी, सेक्रेटरीच्या सूचना. सूचना तीन मिनिटांत. जे व्हॉट्सॲपवर टाकलंय ते परत वाचून दाखवायचं नाही, मी पण वाचायची, नंतर एका मेंबरने जांभई देताना पकडलं म्हणजे मी त्याला नाही, त्याने मला, वाचता वाचता मलाच आली होती.

त्यानंतर हॅप्पी रुपी, आणि याला वेळ द्या. डबा फिरतो, ज्याला आनंदाची काही बातमी सांगायची त्याने दहा-वीस रुपये टाकायचे आणि दोन वाक्यांत सांगायचं. पैसे क्लबच्या सेवाकामाला जातात पण पैशाचा विषयच नाही, माणूस काय सांगतो ते ऐका. एकाने सांगितलं, पोरगी पहिल्यांदा पुण्याहून एसटीने एकटी आली, मी स्टँडवर एक तास आधीच जाऊन उभा होतो. एकाने पन्नास टाकले आणि म्हणाला आज नळाला प्रेशर होतं, टाळ्यांचा कडकडाट. एक काका काही न बोलता शंभर टाकून बसले, जेवताना कळलं की बायपासनंतर पहिल्यांदा जिना चढून वर आलेत. लायन्समध्ये याच्यासारखं काम टेल ट्विस्टर करतो, तो गमतीगमतीत दंड ठोकतो, तेही मस्त असतं फक्त एकाच माणसाला दर वेळी टार्गेट करू नये.

स्पीकर. वीस मिनिटं बोलणं, पाच मिनिटं प्रश्न, हे फोनवर सांगा, मेसेजमध्ये लिहून पाठवा आणि स्टेजवर जायच्या आधी कानात परत सांगा. आमच्याकडे एकदा गुंतवणुकीवर बोलायला आलेले गृहस्थ पंचावन्न मिनिटं बोलले, स्लाईड नंबर ७२ पर्यंत मी मोजल्या, भाकऱ्या गार, दोन डॉक्टर इमर्जन्सी आली म्हणून फोन कानाला लावून निघाले आणि फोन वाजलाच नव्हता. तेव्हापासून पंधराव्या मिनिटाला सार्जंट पहिल्या टेबलावरून पिवळी चिठ्ठी दाखवतो, विसाव्याला प्रेसिडेंट उभे राहतात. उभा राहिलेला प्रेसिडेंट बघून कोणीही थांबतं. ओळख करून देताना पूर्ण बायोडाटा वाचू नका, त्या माणसाला आज का बोलावलं ते एका वाक्यात सांगा. बुकेपेक्षा आपली चादर द्या, जीआय (भौगोलिक ओळखीचं मानांकन) मिळालेली वस्तू आहे, घरी जाऊन वापरतात तरी.

दर वेळी बाहेरचा मोठा माणूस शोधायची पण गरज नाही. नवीन मेंबरकडून त्याच्या धंद्यावर पंधरा मिनिटं बोलवून घ्या, याला क्लासिफिकेशन टॉक म्हणतात, सगळ्यात जास्त प्रश्न यालाच येतात. आमच्या ट्रान्सपोर्टवाल्याने टायर रिमोल्डिंगवर सांगितलेलं मला अजून आठवतंय.

जेवण साधं ठेवा. पूर्वी आम्ही हॉटेलचा बुफे घ्यायचो, दोन पनीर, एक चायनीज, पर प्लेट रेट बघून तरुण मेंबर गळायला लागले, कोणी बोलून दाखवत नाही पण सुटतात. आता कडक भाकरी, शेंगा चटणी, पिठलं, दही, कांदा, महिन्यातून एकदा हुग्गी (गव्हाची खीर). खर्च अर्ध्यावर आला आणि लोक जास्त जेवायला लागले. सूर्यास्तानंतर न जेवणारे आहेत, सोमवार धरणारे आहेत, श्रावणात तर अर्धा क्लब उपवासाला, त्यांच्यासाठी खिचडी किंवा नुसती फळं आठवणीने ठेवा, "काही नाही चालेल मला" म्हणणाऱ्या माणसाला रिकाम्या ताटासमोर बसवून फेलोशिप होत नाही. जेवणाचा पैसा मेंबरांच्या वर्गणीतून आणि लोकांकडून सेवेसाठी जमवलेला पैसा वेगळ्या खात्यात, यात एक रुपयाची सरमिसळ नको. संशय आला की क्लब मोडतात, मी बघितलेत.

आणि बायकांबद्दल बोलूनच टाकते. रोटरीत बायकांना मेंबर व्हायची वाट जगभर १९८९ पासून मोकळी झाली, त्याआधी आपण फक्त "ॲन", म्हणजे मेंबरची बायको. इतकी वर्षं झाली तरी फॅमिली फेलोशिप ठरली की रांगोळी, गिफ्ट पॅकिंग आणि हळदीकुंकू लेडी मेंबरकडे आपोआप येतं आणि साउंडवाल्याशी भांडायचं काम पुरुषांकडे. उलटं वाटून बघा एकदा. आमच्याकडे गेल्या वर्षी रांगोळी एका ऑर्थोपेडिक सर्जनने काढली, चांगली सरळ रेषेत आली.

आता न येणाऱ्यांचं. रोटरीचा नियम आहे, सलग चार मीटिंगा बुडाल्या की मेंबरशिप जाऊ शकते, आणि बाहेरगावी असाल तर तिथल्या क्लबला जाऊन मेकअप, म्हणजे बुडालेल्या मीटिंगची भरपाई, करता येतो. आमचे एकजण सिद्धेश्वर एक्सप्रेसने कामाला मुंबईला जातात तर तिथल्या क्लबची मीटिंग करून त्यांचा छोटा झेंडा घेऊन येतात, परवापर्यंत सतरा झाले. पण नियमाचं पत्र पाठवायच्या आधी फोन करा. दुसरी मीटिंग बुडाली की लगेच, चौथीची वाट बघू नका. एक मेंबर तीन आठवडे गायब होते, सगळ्यांनी ठरवून टाकलं की कमिटीत घेतलं नाही म्हणून नाराज. मी फोन केला तर आईच्या खुब्याचं हाड मोडलेलं, घरात उचलायला माणूस नाही. ग्रुपवर टाकलं तर बत्तीस जणांनी हात जोडलेले इमोजी पाठवले. गेलो आम्ही तिघं, त्यातला फिजिओवाला पुढचे दहा दिवस जात राहिला. इमोजी पाठवणाऱ्यांना मी काही म्हटलं नाही, पण तेव्हापासून मिनिट्सच्या तळाला एक ओळ वाढवली, या आठवड्यात कोण कोणाला फोन करणार. नावानिशी. "सेक्रेटरीने संपर्क साधावा" असं लिहिलं की कोणीच करत नाही, सेक्रेटरी पण नाही.

साडेनऊला शेवटचा गाँग वाजवून मोकळं करा. लोक लगेच जाणार नाहीत, खाली पार्किंगमध्ये गाडीला टेकून अर्धा तास उभे राहतील आणि प्रोजेक्टचं जे वर ठरलं नाही ते तिथे ठरेल. ठरू द्या, तुम्ही पण थांबा, फक्त तिथे ठरलेलं दुसऱ्या दिवशी ग्रुपवर लिहा नाहीतर दोघांनाच माहीत राहतं आणि बाकीचे चिडतात.

राहिलं हेडकाउंट. आदल्या दिवशी संध्याकाळी मेसेज टाका, त्यात वार, वेळ, जागा, विषय आणि जेवणात काय आहे एवढंच, सुविचार नको. भाकरीवाल्या ताईंना दुपारी बारापर्यंत आकडा लागतो. आमच्यात बावीस जण हो म्हणतात, पाच येत नाहीत आणि काही न कळवलेले नऊ येतात, म्हणून मी बावीसला अठ्ठावीसची ऑर्डर देते, आणि हुग्गी असेल त्या दिवशी पस्तीसची.