आरशात बघून स्वतःचं चित्र रंगवताना

उत्तरेच्या खिडकीचा उजेड सगळ्यात स्थिर. नागपुरात मात्र जूनमध्ये सूर्यच उत्तरेला झुकतो, तेव्हा खिडकीला पांढरा सुती पडदा लावा. आरसा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. एक डोळा मिटून काचेवरच चेहऱ्याची कड मार्करने गिरवून बघा: ती खऱ्या चेहऱ्याच्या निम्मीच भरते. काचेवरून माप घेतलं की डोकं लहान येतं ते यामुळेच.

रंग चारच घ्या: यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), काळा, पांढरा. काळ्या-पांढऱ्याचा करडा त्वचेशेजारी निळसर दिसतो. हनुवटीखाली तो फार सुंदर बसतो. मे महिन्यात कूलरच्या झोतात अ‍ॅक्रिलिक रंग पॅलेटवरच सुकतो आणि कडा मऊ होत नाहीत, म्हणून ओल्या कापडावर बटर पेपर पसरून त्यावर रंग काढा.

मग खरा प्रयोग: सावली हिरवी, उजेड केशरी. फिकं-गडद जागेवर असेल तर चेहरा तरीही ओळखू येतो.