कोकणात एकच गाव निवडायचं तर खाडी मोजा, तिथी बघा

चार दिवस निवांत कोकणात जायचं ठरलं की श्रीवर्धन, गुहागर, गणपतीपुळे, मालवण अशी माळ ओवली जाते. सुट्टीचा विचका तिथेच सुरू होतो. कागदावर हा किनारा सलग दिसला, तरी सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्यांच्या खाड्यांनी तो जागोजाग तोडलेला आहे. समोरच्या काठावरचं गाव डोळ्यांना दिसतं, पण गाडीने जायचं तर आत वळून पूल गाठावा लागतो, नाहीतर फेरीबोटीच्या रांगेत थांबावं लागतं. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या फेऱ्यांमुळे वळसा वाचतो, गाडीही चढते. जोडून सुट्ट्या आल्या की मात्र एकेका फेरीत तासभर सहज जातो. म्हणून पहिला नियम असा: तीन रात्री असतील तर मुक्काम एकाच गावात करा, आणि सबंध सहलीत खाडी एकदाच ओलांडा, तीही जाताना किंवा येताना.

आता तारखा. आधी तारीख धरून मग गाव शोधायचं असेल, तर कॅलेंडरवर वारासोबत तिथीही बघा. किनाऱ्यावर जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि पूर्ण ओहोटी दुपारी बाराला. पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्यामुळे भर दुपारी पाणी चढलेलं आणि ओहोटी पहाटे-संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. दोन्ही पक्षांत तिथी एक ते पंधरा अशीच मोजायची. वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो. समुद्रातल्या किल्ल्यावर चालत जायचं असेल तर त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघायलाच हवं.

वेळेइतकंच पाणी किती चढतं-उतरतं हेही महत्त्वाचं. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप मागेही जातं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर पायी जायला उधाणाची खोल ओहोटी हवी, पण पौर्णिमेलाच गेलात तर ओहोटी अंधुक उजेडात येते. त्यापेक्षा तृतीया-चतुर्थी धरा. चढउतार अजून चांगला असतो आणि ओहोटी सकाळी साडेआठ-नऊला लागते. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी वळल्यावर अर्ध्या तासात किल्ला सोडा. फोटोंच्या नादात उशीर झाला की परतीच्या वाटेवर पाणी आधी घोट्यापर्यंत आणि बघता बघता मांडीपर्यंत येतं. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेलाही हीच वेळ धरा. तिथली वाट खडकांतून, लाटांच्या कडेने जाते. उधाणाच्या भरतीत आणि पावसाळ्यात त्या वाटेला जाऊच नका, तिथे माणसं ओढली गेली आहेत.

गुहागरजवळच्या हेदवीच्या बामणघळीचा हिशेब नेमका उलटा. खडकातल्या अरुंद भेगेत लाट घुसते आणि कोंडलेलं पाणी कारंज्यासारखं वर उडतं. ते बघायला पूर्ण भरती लागते, म्हणून पौर्णिमा-अमावस्येला सकाळी अकरा-बाराला पोचा. उभं कुठे राहायचं ते खडकच सांगतो: जिथवर दगड ओला आहे तिथवर लाट येऊन गेली आहे. त्याच्या बरंच मागे थांबा.

स्वभावाला कुठलं गाव जुळेल? नुसतं शांत पडायचं असेल तर गुहागर. अख्खं गाव समुद्राला समांतर पसरलेलं. रस्त्याला लागून घर, घरामागे नारळ-पोफळीचं आगर, आगराच्या टोकाला बेडं म्हणजे कुंपणाचं फाटक, त्यापलीकडे सुरूची झाडं आणि मग वाळू. खोली ठरवताना ‘समुद्राजवळ आहे का’ एवढंच विचारू नका, ‘आगरातून थेट किनाऱ्यावर उतरता येतं का’ असं विचारा. आगरात पाटाचं पाणी खेळतं, त्यामुळे तिन्हीसांजेला डास होतात. अंगाला लावायचं मलम जवळ ठेवा. व्याडेश्वराचं देऊळ गावातच आहे. जेवण अनेक घरांत शाकाहारी असतं, मासे हवे असतील तर बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. उकडीचे मोदक हवेत तर आदल्या दिवशी सांगा, आयत्या वेळी पिठी आणि खवलेलं खोबरं तयार नसतं. रेल्वेने चिपळूणला उतरा, तिथून सुमारे 45 किलोमीटर.

इतिहासाची आवड असेल आणि वाळू दुय्यम असेल तर रत्नागिरी. लोकमान्यांचं जन्मस्थान, 1931 सालचं पतितपावन मंदिर आणि ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजासाठी 1910 मध्ये बांधलेला राजवाडा हे सगळं एका दिवसात निवांत होतं. राजवाड्यासाठी सोमवार टाळा. गणपतीपुळ्याला इथून आरे-वारेच्या रस्त्याने जाऊन यावं, मुक्काम तिथे करायची गरज नाही. अंगारकीला तर नकोच. तिथल्या पाण्याला ओढ आहे, गुडघ्याच्या पुढे जाऊ नका.

मासे, किल्ला आणि लोककला एकत्र हवी असेल तर मालवणला तोड नाही. सिंधुदुर्ग 1664 ते 1667 या काळात बांधला गेला, आत शिवरायांचं देऊळ आहे. सकाळच्या पहिल्या होड्यांनी जा, दहानंतर तट तापतो. पावसाळ्यात होड्या बंद असतात. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटी लागली की खाडीचं पाणी जोराने बाहेर पडतं. संगमावर पोहणं नकोच. थाळीचा भाव माशाच्या जातीवर आणि आकारावर ठरतो, सुरमईची तुकडी केवढी ते आधी विचारायला लाजू नका.

खरा खजिना मात्र दशावतार, हे इथलं लोकनाट्य. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रांत तो रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. पेटी, मृदंग आणि झांज एवढीच साथ. राजाचं सिंहासन म्हणजे एक साधं बाकडं. संवाद पाठ केलेले नसतात, आख्यान ठरतं आणि नट बोलत जातात. आज कुठे जत्रा आहे ते घरमालकाला विचारा, कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. बसायला चटई आणि अंगावर घ्यायला शाल न्या, पौष-माघात पहाटे गारठा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही ठरवू नका. दिवसा सवड असेल तर कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, आणि सावंतवाडीत गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, व लाकडी खेळणी बघता येतात. मालवणसाठी स्टेशन कुडाळ, अंतर सुमारे 30 किलोमीटर.

शिमगा आणि गणपती हे कोकणाचे सगळ्यात जिवंत दिवस, पण तेव्हा चाकरमानी घरी येतात. गाड्या भरतात, आणि घरगुती मुक्काम देणारे स्वतःच्या घरच्या कामात असतात. शिमग्याची पालखी बघायची असेल तर रेल्वेचं आरक्षण उघडेल त्याच दिवशी तिकीट काढा, आणि खोलीचा शब्द त्याआधी घ्या. पालखी दारात आली की नारळ आणि ओटी लागते. पाहुण्यालाही त्यात मान असतो, तेव्हा एक नारळ आणून ठेवा.