आहारातील मेद आणि मेदऊतीतील दाह : या चुका टाळा

तेल बदलले, लोणी बंद केले, माशाच्या तेलाच्या गोळ्याही सुरू केल्या, तरी रक्ततपासणीतला सीआरपी या दाह दर्शवणाऱ्या प्रथिनाचा आकडा हलत नाही, अशी तक्रार पुष्कळांची असते. बहुतेक वेळा दोष तेलाचा नसून अपेक्षेचा असतो, कारण मेदऊतीत, म्हणजे चरबी साठवणाऱ्या ऊतीत, दाह (शरीराच्या संरक्षण यंत्रणेची सूज आणणारी प्रतिक्रिया) का निर्माण होतो हे नीट पाहण्याआधीच उपाय ठरवलेला असतो.

चरबी साठवणाऱ्या पेशी प्रमाणाबाहेर फुगल्या की त्यांपैकी काही मरतात आणि मॅक्रोफेज या भक्षक पेशी त्यांच्याभोवती मुकुटासारखे कडे करतात. लठ्ठ उंदरांच्या मेदऊतीत टीएनएफ-अल्फा हा दाहकारक रेणू वाढलेला असतो, हे १९९३ मध्ये दिसले. तो मुख्यतः या भक्षक पेशींकडून येतो, हे २००३ मध्ये स्पष्ट झाले. सडपातळ शरीरातील मेदऊतीत मॅक्रोफेजचे प्रमाण १० टक्क्यांहून कमी असते, तर अतिलठ्ठपणात ते ४० टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही वर जाऊ शकते. म्हणून पहिली चूक ही की, मेदाचा प्रकार तपासला जातो आणि एकूण ऊर्जा नजरेआड होते. ऑलिव्ह तेल झाले तरी त्याच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात, आणि नेहमीच्या जेवणावर ते वरून ओतत राहिल्यास पेशी फुगायच्या थांबत नाहीत.

‘कमी केले’ म्हणताना ‘कशाच्या जागी’ हे न विचारणे

माझ्या मते ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. संपृक्त मेद कमी करून त्याची जागा मैदा आणि साखरेने भरली, तर पदरात फारसे काही पडत नाही. तीच जागा असंपृक्त मेदाने घेतली, तर चित्र वेगळे दिसते. नेदरलँड्समधील एका प्रयोगात (२००९) चयापचयाचे विकार होण्याचा धोका असलेल्या व्यक्तींना ८ आठवडे संपृक्त किंवा एकअसंपृक्त (ऑलिव्ह तेलात मुख्यतः असतो तशा) मेदाने समृद्ध आहार दिला गेला, तेव्हा संपृक्त गटाच्या मेदऊतीत दाहाशी संबंधित जनुके अधिक सक्रिय झालेली आढळली. स्वीडनमधील प्रयोगात (२०१४) सहभागींना ७ आठवडे जादा मफिन खाऊ घातले. काहींचे पामतेलाचे होते, काहींचे सूर्यफूल तेलाचे. दोन्ही गटांचे वजन जवळपास सारखेच वाढले, मात्र पामतेलाच्या गटात यकृतातील आणि पोटाच्या पोकळीतील चरबी अधिक साठली. चरबी किती साठली याइतकेच ती कुठे साठली हेही महत्त्वाचे असते, कारण पोटाच्या पोकळीतील मेदऊती दाहाच्या दृष्टीने अधिक उपद्रवी मानली जाते.

ओमेगा-६ ला दाहाचे मूळ समजणे

लिनोलेइक आम्ल या आहारातील मुख्य ओमेगा-६ मेदाम्लापासून ॲराकिडोनिक आम्ल बनते आणि त्यापासून दाहकारक रेणू बनतात, ही साखळी कागदावर बिनचूक आहे. प्रत्यक्षात शरीर या रूपांतरावर कडक नियंत्रण ठेवते. आहारातील लिनोलेइक आम्ल वाढवल्याने रक्तातील ॲराकिडोनिक आम्ल फारसे वाढत नाही आणि मानवी प्रयोगांत सीआरपीही वाढलेला दिसत नाही.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष थेट ताटात आणणे

पाल्मिटिक आम्ल हे संपृक्त मेदाम्ल टीएलआर४ या ग्राहकाला (पेशीवरील संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटून दाह पेटवते, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की ते या ग्राहकाला थेट उद्दीपित करत नाही. त्या ग्राहकामार्फत पेशी आधीच सज्ज झालेली असेल, तरच पाल्मिटिक आम्लामुळे दाह भडकतो. उंदरांच्या प्रयोगांचेही तसेच आहे. त्यांच्या खाद्यात बऱ्याचदा ६० टक्के ऊर्जा मेदातून येते आणि तो मेद बहुधा डुकराच्या चरबीचा असतो. या चरबीला सर्रास ‘संपृक्त’ म्हटले जात असले, तरी तिच्यात सर्वाधिक प्रमाण असते ते ओलेइक आम्लाचे, म्हणजे ऑलिव्ह तेलातल्याच मुख्य मेदाम्लाचे.

ओमेगा-३ बाबतची घाईही याच जातीची आहे. ही मेदाम्ले जीपीआर१२० या ग्राहकामार्फत मॅक्रोफेज शांत करतात, हे २०१० मध्ये उंदरांत दिसले. माणसाच्या मेदऊतीवरील निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत. शिवाय जवसातील ओमेगा-३ चे माशातील ओमेगा-३ मध्ये होणारे रूपांतर अगदी तुटपुंजे असते, त्यामुळे दोन्ही एकच समजू नयेत. ट्रान्स मेदाबाबत मात्र वाद उरलेला नाही: वेष्टनावर ‘अंशतः हायड्रोजनीकृत’ असे लिहिलेले असेल, तर तो पदार्थ परत ठेवावा.

आकडा हलत नसेल तर

सीआरपी यकृतात तयार होतो, मेदऊतीत नव्हे. मेदऊतीतून येणारे आयएल-६ हे दाहाचा संदेश नेणारे प्रथिन त्याला चालना देते, पण साधी सर्दी किंवा हिरड्यांची सूजही तेच करते. म्हणून लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक आकडा आल्यास आधी संसर्ग किंवा इजा आहे का ते पाहावे आणि बरे वाटल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. मेदऊतीतील मेदाम्लांची रचना पालटायला वर्षाहून अधिक काळ लागतो, त्यामुळे तीन आठवड्यांत तेलाचा निकाल लावू नये. वजन उतरवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: उंदरांत वजन घटण्याच्या सुरुवातीला, साठवलेली चरबी वेगाने मोकळी होत असताना, मेदऊतीतील मॅक्रोफेज काही काळ वाढतात आणि चरबी मोकळी होण्याचा वेग मंदावल्यावरच कमी होऊ लागतात.