जंगली माकडांमधील जंत तपासण्यासाठी विष्ठेचे नमुने कसे घ्यावेत

माकडाला न पकडता त्याच्या पोटातल्या जंतांचा माग काढायचा असेल, तर विष्ठेइतके सोयीचे साधन दुसरे नाही. मात्र या कामातल्या बऱ्याच चुका सूक्ष्मदर्शकाखाली नव्हे, तर नमुना उचलतानाच होतात.

टोळीमागे जाताना मास्क लावावा, अंतर राखावे आणि सर्दी-खोकला असल्यास त्या दिवशी जाऊच नये. माणसांकडून आलेल्या श्वसनविकारांनी चिंपांझी दगावल्याची उदाहरणे आहेत. विष्ठा टाकणारे माकड, त्याचे लिंग, अंदाजे वय, वेळ व ठिकाण जागीच टिपावे. ते दूर गेल्यावर हातमोजे घालून, जमिनीला टेकलेला भाग सोडून, फक्त मधला गाभा उचलावा, कारण मातीतले सूत्रकृमी (दोऱ्यासारखे गोल जंत) विष्ठेत शिरतात आणि पुढे त्यांनाच माकडाचे जंत समजले जाते. अर्धा नमुना 10 टक्के फॉर्मालिनमध्ये ठेवावा, म्हणजे अंड्यांचा आकार टिकतो. पण फॉर्मालिनने डीएनए खराब होत असल्याने उरलेला अर्धा 95 टक्के इथेनॉलमध्ये घालावा. कुपी नीट हलवावी, नाहीतर गोळ्याचा गाभा आतून कुजतो. चिठ्ठी पेन्सिलनेच लिहावी. सांडलेले इथेनॉल शाई धुऊन नेते.

मिठाच्या संपृक्त द्रावणात बहुतेक सूत्रकृमींची अंडी वर तरंगतात, पर्णकृमींची (पानासारख्या चपट्या जंतांची) जड अंडी मात्र तळाशी राहतात, म्हणून गाळही तपासावा. चाबूककृमीचे अंडे दोन्ही टोकांच्या पारदर्शक बुचांमुळे चटकन ओळखू येते. याउलट अंकुशकृमी आणि इसोफॅगोस्टोमम (आतड्यात गाठी करणारा सूत्रकृमी) यांची अंडी इतकी सारखी दिसतात की, अळ्या वाढवून किंवा डीएनए तपासून पाहिल्याशिवाय नाव लिहिणे हा, माझ्या मते, निव्वळ उतावीळपणा आहे. अंड्यांची संख्या दिवसागणिक बदलते, त्यामुळे एका नमुन्यावरून जंत किती हे ठरवू नये. आणि अंडी सापडली म्हणजे माकड आजारी आहे, असेही नव्हे.

मेलेल्या माकडाला हात लावू नये. 1957 साली कर्नाटकातील क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला माकडताप गोचिडींमार्फत पसरतो, आणि माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी नवा आसरा शोधतात. तेव्हा लांबूनच जागा टिपून वन विभागाला कळवावे. मॅकाक गटातले (लाल तोंडाच्या माकडासारखे) माकड चावले वा ओरखडले, तर माणसाच्या मेंदूला घातक ठरणाऱ्या हर्पीस बी विषाणूचा धोका असतो. अशी जखम साबणपाण्याने 15 मिनिटे धुऊन, कितीही क्षुल्लक वाटली तरी, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.