कोल्हापुरात बसून फ्रान्समधील लोखंडी खोऱ्याचा अभ्यास कसा करावा

परदेशातील एखाद्या लहान औद्योगिक गावाचा इतिहास आणि भूगोल समजून घ्यायचा असेल, तर सुरुवात राज्यकर्त्यांच्या यादीने न करता तिथल्या नदीने आणि जमिनीखालच्या खडकाने करावी. येथे ईशान्य फ्रान्समधील आयांज हे मोझेल जिल्ह्यातील गाव घेतले आहे. ज्या शहरात फौंड्रीची, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याची, भाषा घराघरांत कळते, त्या कोल्हापुरातील वाचकाला हे गाव इतर कोणत्याही फ्रेंच गावापेक्षा लवकर उमगेल, असे मला मनापासून वाटते.

पहिले काम नकाशाचे आहे. फ्रान्सच्या राष्ट्रीय नकाशा संस्थेचे नकाशे संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. त्यांवर फोंत्वापासून निघून तियोंव्हीलजवळ मोझेल नदीला मिळणारा फेन्श हा जेमतेम १५ किलोमीटरचा प्रवाह शोधावा आणि त्याच्या दोन्ही काठांवरील समोच्च रेषा किती दाट आहेत ते पाहावे. खोरे इतके अरुंद आहे की कारखाने, लोहमार्ग, रस्ता आणि घरे एकाच चिंचोळ्या पट्टीत दाटली आहेत, आणि निलवांज, आयांज, फ्लोरांज ही गावे एकमेकांना चिकटून गेली आहेत. त्याच संस्थेच्या दुसऱ्या संकेतस्थळावर जुनी आणि आजची हवाई छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. कोणती भट्टी कधी नाहीशी झाली, हे तिथे डोळ्यांना दिसते.

यानंतर खडकाकडे वळावे, आणि या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. ज्याँ-मार्तँ व्हेंडेल यांनी १७०४ मध्ये येथील भट्ट्या विकत घेतल्या, तेव्हा भाते आणि घण चालवायला ओढ्याचे पाणी होते आणि कोळशासाठी भोवतीची जंगले होती. मात्र ‘मिनेत’ नावाच्या इथल्या खनिजात लोहाचे प्रमाण साधारण ३० टक्केच असून त्यात फॉस्फरस भरपूर आहे. फॉस्फरस वाढला की पोलाद थंडपणी ठिसूळ होते, हे कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीतील कोणत्याही जाणत्या कारागिराला सांगावे लागणार नाही. १८७० च्या दशकाच्या अखेरीस सिडनी गिलख्रिस्ट थॉमस आणि त्यांचे मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट या ब्रिटिश संशोधकांनी भट्टीला आतून डोलोमाइट या दगडाचे अस्तर देऊन आणि चुना वापरून हा फॉस्फरस धातुमळीत, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या गाळात, ओढून घेण्याची पद्धत सिद्ध केली, आणि हलके मानले गेलेले हे खनिज पोलादाच्या कामी येऊ लागले. दळलेली ती फॉस्फरसयुक्त मळी पुढे खत म्हणून शेतात जाऊ लागली. उसाला स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसचीच, मात्रा देणाऱ्या शेतकऱ्याला या गोष्टीचे मोल चटकन कळेल. गावाची वाढ तारखांच्या ओळीत मांडण्यापूर्वी या एका रासायनिक प्रक्रियेची नीट टिपणे काढावीत, कारण पुढची नवी कारखानदारी, कामगारांच्या वसाहती आणि इटली व पोलंडमधून आलेले मजूर तिच्याशीच जोडलेले आहेत.

तिसरी बाब सीमेची. फ्रान्स-प्रशिया युद्ध संपवणाऱ्या १८७१ च्या फ्रँकफर्ट तहानंतर १९१८ पर्यंत आयांज जर्मन साम्राज्यात होते, आणि १९४० ते १९४४ या काळातही ते जर्मनीच्या ताब्यात गेले. व्हेंडेल घराण्याने सीमेपलीकडे, फ्रान्सकडे राहिलेल्या झ्युफ येथे दुसरा कारखाना उभारला तो याच विभागणीमुळे. त्यामुळे जुन्या कागदपत्रांत शोध घेताना ‘हायिंगेन’ हे जर्मन नावही वापरावे. नाही तर जवळजवळ अर्ध्या शतकाची नोंद हातातून निसटते. राज्य आणि चर्च वेगळे करणारा फ्रान्सचा १९०५ चा कायदा या भागाला आजही लागू नाही, कारण तो झाला तेव्हा हा प्रदेश फ्रान्समध्ये नव्हता. सीमेचा परिणाम इतका टिकाऊ असतो.

मूळ साधनांसाठी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘गालिका’ हे संकेतस्थळ आणि मोझेल जिल्ह्याचे अभिलेखागार ही दोन ठिकाणे पुरेशी आहेत. फ्रेंच येत नसेल तर यंत्रानुवादाने काम भागते, परंतु आकडे आणि विशेषनामे मूळ पानावरूनच उतरवून घ्यावीत.

अलीकडच्या काळाविषयी वाचताना एक सावधगिरी बाळगावी. बातम्यांत ‘फ्लोरांजच्या भट्ट्या’ असा उल्लेख सर्वत्र येतो, पण २०११ मध्ये थांबलेल्या आणि २०१३ मध्ये कायमच्या बंद झालेल्या त्या झोतभट्ट्या प्रत्यक्षात आयांजच्या हद्दीत होत्या. जवळच्या युकांज येथील १९९१ मध्ये बंद झालेली भट्टी मात्र जपून लोकांसाठी खुली केली आहे, आणि नफ्शेफ येथे लोहखाणीचे संग्रहालय आहे. दोन्हींची छायाचित्रे अभ्यासात जरूर घ्यावीत.

टिपणे पूर्ण झाल्यावर त्याच क्रमाने आपल्या शिवाजी उद्यमनगराची टिपणे काढून शेजारी ठेवावीत. फेन्शच्या काठी खनिज होते म्हणून भट्टी आली. कोल्हापुरात लोखंड आणि कोक दोन्ही बाहेरून येतात, आणि इथली ओतकामे ऑइल इंजिन व उसाच्या चरकाच्या मागणीवर वाढली. म्हणून आपल्याकडचा शोध खडकापासून न करता गिऱ्हाइकापासून, म्हणजे शेतकऱ्याच्या विहिरीवरील इंजिनापासून मागे न्यावा लागेल.